श्टाउफेनखालचा थर : उथळ भूऔष्णिक क्षमता मोजताना प्रश्नांचा क्रम

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर जिथे ऱ्हाईन नदीच्या मैदानात उतरतात तिथे, फ्रायबुर्ग शहराच्या दक्षिणेस श्टाउफेन नावाचे सुमारे आठ हजार वस्तीचे जुने गाव आहे. गावाच्या मध्यभागी सोळाव्या शतकातील नगरभवन असून त्याच्याभोवती एकमेकांना खेटून उभी असलेली जुनी घरे आहेत. २००७ साली या नगरभवनाचे नूतनीकरण करताना ते जमिनीतील उष्णतेवर तापवायचे ठरले, आणि सप्टेंबर महिन्यात इमारतीमागच्या लहानशा मोकळ्या जागेत १४० मीटर खोलीपर्यंतच्या सात विंधणविहिरी घेण्यात आल्या. काही आठवड्यांतच आसपासच्या भिंतींवर तडे दिसू लागले आणि ते रुंदावत गेले. जमीन खचत नव्हती, ती वर येत होती. सर्वांत वाईट काळात हा वेग दरमहा सुमारे एक सेंटीमीटर होता. दहा वर्षांच्या आसपासच्या काळात उचलीच्या केंद्रस्थानी एकूण वाढ ६० सेंटीमीटरच्या पुढे गेली आणि अडीचशेहून अधिक इमारतींचे नुकसान झाले.

हे प्रकरण बहुतेक वेळा फसलेल्या खोदाईची हकीकत म्हणून सांगितले जाते, आणि ते चुकीचे नाही. मात्र येथे त्याचा विचार दुसऱ्या बाजूने केला आहे. हीट पंपांसाठी, म्हणजे जमिनीतील उष्णता अधिक तापमानाला चढवून इमारत तापवणाऱ्या यंत्रांसाठी, एखाद्या प्रदेशाची उथळ भूऔष्णिक क्षमता (जमिनीच्या वरच्या थरांतून किती उष्णता मिळू शकेल ते) मोजताना बहुधा आधी उष्णतेचा हिशेब मांडतात आणि मग त्यातून धोक्याची ठिकाणे वजा करतात. श्टाउफेनचा अभ्यास केल्यावर माझे मत असे झाले आहे की हा क्रम मुळातच उलटा हवा, कारण उष्णतेच्या हिशेबात ज्या खडकाला सर्वांत चांगले गुण मिळतात, तोच खडक खोदाईच्या दृष्टीने सर्वांत घातक असू शकतो. श्टाउफेनखाली नेमका तसाच खडक होता.

उष्णतेचा हिशेब

जमिनीच्या वरच्या काही मीटरांत तापमान ऋतूंप्रमाणे बदलते. साधारण १५ ते २० मीटरच्या खाली हा चढउतार जवळजवळ नाहीसा होतो आणि तिथले तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास, बहुधा किंचित जास्त, राहते. त्याखाली दर १०० मीटरला सरासरी ३ अंश सेल्सिअसने तापमान वाढते. मध्य युरोपात याचा अर्थ असा की १०० मीटर खोलीवर १० ते १३ अंशांच्या आसपास उष्णता बाराही महिने उपलब्ध असते. एवढ्या तापमानावर खोली उबदार होत नाही, पण हीट पंप थोडी वीज खर्च करून तीच उष्णता ३५ ते ५० अंशांपर्यंत चढवतो. पंपाचा कार्यगुणांक ४ असेल, तर घराला मिळणाऱ्या ४ एकक उष्णतेपैकी १ एकक विजेतून आणि ३ एकके जमिनीतून येतात. ४० किलोवॉट उष्णता हवी असलेल्या इमारतीसाठी जमिनीने ३० किलोवॉट द्यावी लागते.

जमिनीतून ही उष्णता काढण्याची सर्वाधिक रूढ पद्धत म्हणजे उभी विंधणविहीर. तिच्यात प्लॅस्टिकच्या नळीची यू आकाराची एक किंवा दोन वेटोळी सोडतात, नळीत पाणी व गोठणरोधकाचे मिश्रण फिरते ठेवतात, आणि नळी व भोकाची भिंत यांच्यामधील पोकळी सिमेंट व बेंटोनाइट माती यांच्या घट्ट होणाऱ्या मिश्रणाने, म्हणजे ग्राउटने, तळापासून वरपर्यंत भरून काढतात. या व्यवस्थेत जमिनीतून पाणी काढले जात नाही, फक्त उष्णता काढली जाते. म्हणून ही पद्धत निरुपद्रवी समजली जाते, आणि योग्य ठिकाणी, योग्य रीतीने केल्यास ती खरोखरच तशी आहे. जर्मनीत जमिनीतील उष्णतेवर चालणाऱ्या हीट पंपांची संख्या लाखांत आहे आणि त्यांतील बहुसंख्य पंपांनी शेजाऱ्याच्या भिंतीवर एक ओरखडाही उमटवलेला नाही. श्टाउफेनकडे पाहताना हे प्रमाण विसरू नये.

एका मीटर विहिरीतून किती उष्णता निघेल हे मुख्यतः खडकाच्या औष्णिक वाहकतेवर, म्हणजे तो उष्णता किती सहज वाहू देतो यावर, अवलंबून असते. कोरड्या वाळू-गोट्यांची वाहकता सुमारे ०.४ वॉट प्रति मीटर प्रति केल्व्हिन असते. तेच गोटे पाण्याने भरले की ती १.८ च्या आसपास जाते, म्हणजे केवळ भूजलपातळीच्या खाली गेल्याने वाहकता चौपटीहून अधिक होते. चुनखडक आणि वालुकाश्म २.५ ते ३ च्या दरम्यान, तर ग्रॅनाइट ३ च्या थोडा वर असतो. जर्मन अभियंत्यांच्या संघटनेच्या ४६४० क्रमांकाच्या मार्गदर्शिकेतील २००१ च्या आवृत्तीत यावरून ढोबळ आकडे दिले होते. वर्षाला १८०० तास चालणाऱ्या लहान पंपासाठी कोरड्या, कमी वाहकतेच्या जमिनीतून मीटरमागे २५ वॉट, सर्वसाधारण खडकातून ६० वॉट आणि वाहकता ३ च्या वर असलेल्या खडकातून ८४ वॉट धरावेत, असे ते होते. २४०० तासांच्या वापराला हेच आकडे २०, ५० आणि ७० होतात, कारण जमिनीला सावरायला मिळणारा वेळ कमी होतो.

या आकड्यांवरून श्टाउफेनच्या सात विहिरींचा अंदाज बांधता येतो. प्रत्येकी १४० मीटर धरल्यास एकूण लांबी ९८० मीटर होते. मीटरमागे ५० वॉट धरले तर जमिनीतून सुमारे ४९ किलोवॉट आणि कार्यगुणांक ४ मानल्यास इमारतीला सुमारे ६५ किलोवॉट उष्णता मिळते. हा आकडा मी ढोबळ नियमावरून काढला आहे, मूळ आराखड्यातून घेतलेला नाही. तरी एका जुन्या सार्वजनिक इमारतीसाठी तो समजण्यासारखा आहे, आणि मागील अंगणात इतक्या कमी जागेत एवढी उष्णता मिळू शकते ही गोष्ट कोणत्याही नगरपालिकेला आकर्षक वाटावी अशीच आहे.

प्रादेशिक पातळीवर हाच हिशेब नकाशाच्या रूपात मांडतात. प्रदेश चौकोनांत विभागायचा, प्रत्येक चौकोनाखालील थरांची जाडी आणि प्रत्येक थराची वाहकता गृहीत धरून १०० मीटरपर्यंतची सरासरी काढायची, तीत जमिनीचे मूळ तापमान आणि पंपाच्या वापराचे तास मिसळायचे, की त्या चौकोनातील विहिरीतून वर्षाकाठी किती मेगावॉट-तास मिळतील याचा आकडा येतो. कित्येक अहवाल याहीपुढे जाऊन प्रदेशात साठलेली एकूण उष्णता सांगतात. त्या आकड्याबद्दल मला आक्षेप आहे. एक चौरस किलोमीटर क्षेत्र आणि १०० मीटर जाडी घेतली, तर खडकाचे आकारमान १० कोटी घनमीटर होते. घनमीटरमागे उष्णताधारकता सुमारे २.३ मेगाज्यूल प्रति केल्व्हिन मानल्यास एवढा खडक एका अंशाने थंड करून सुमारे ६४ गिगावॉट-तास उष्णता मिळते. आकडा प्रचंड दिसतो. पण पृथ्वीच्या पोटातून त्याच क्षेत्रावर येणारा उष्णतेचा ओघ चौरस मीटरला सुमारे ०.०६५ वॉट, म्हणजे वर्षाला फक्त ०.५७ गिगावॉट-तास असतो. एक अंशाची तूट केवळ खालून भरून यायला शंभराहून अधिक वर्षे लागतील. प्रत्यक्षात भरपाई बहुतांशी वरून, सूर्याने तापवलेल्या पृष्ठभागातून, आणि कडेच्या खडकातून व वाहत्या भूजलातून होते. म्हणून विहिरींमधील अंतर, भूजलाचा वेग आणि उन्हाळ्यात उष्णता परत जमिनीत सोडण्याची सोय या बाबींना साठ्याच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक महत्त्व आहे.

हे सगळे मान्य केले, तरी आतापर्यंतच्या हिशेबात एक प्रश्न कुठेच आलेला नाही. विहीर कोणकोणत्या थरांना एकमेकांशी जोडणार आहे, हा तो प्रश्न.

श्टाउफेनखाली काय आहे

ऱ्हाईनचे मैदान ही एक खचदरी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी कवच ताणले जाऊन मधला पट्टा खाली बसला आणि दोन्ही बाजूंचे डोंगर उंच राहिले. श्टाउफेन या खचदरीच्या पूर्वेकडील मुख्य प्रस्तरभंगाजवळ, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या रेषेजवळ, वसले आहे. डोंगर आणि मैदान यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्ट्यात मूळचे आडवे थर तुटून ठोकळ्याठोकळ्यांनी वेगवेगळ्या खोलींवर अडकले आहेत, कुठे कललेले, कुठे अचानक संपणारे. एका भोकात जो थर ६० मीटरवर लागला तो पुढच्या गल्लीत ६० मीटरवरच लागेल, असे येथे म्हणता येत नाही.

या थरांपैकी एक जर्मन भूशास्त्रात गिप्सकॉयपर म्हणून ओळखला जातो. सुमारे तेवीस-चोवीस कोटी वर्षांपूर्वी उथळ, आटत जाणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या तळाशी चिखलाबरोबर जिप्सम साचले. पुढे त्यावर हजारो फूट गाळ चढला, दाब आणि तापमान वाढले, आणि जिप्समने आपल्यातील पाणी सोडून दिले. उरले ते अनहायड्राइट, म्हणजे निर्जल कॅल्शियम सल्फेट. नंतर वरचा भार झिजून गेल्यावर वरून झिरपणारे पाणी पुन्हा या थरात उतरू लागले. त्यामुळे आज अशा थराचा छेद घेतला तर साधारणपणे सर्वांत वर सल्फेट विरघळून गेलेला भाग, त्याखाली जिप्सम आणि त्याखाली, जिथे पाणी अजून पोहोचलेले नाही तिथे, अनहायड्राइट आढळते. अनहायड्राइटला वेढून असलेला पंकाश्म (चिखलापासून बनलेला खडक) पाणी जाऊ देत नाही, आणि म्हणूनच ते इतका काळ कोरडे राहिले आहे.

गिप्सकॉयपरच्या खाली लेटेनकॉयपर आणि मुशेलकाल्क हे थर येतात. मुशेलकाल्क हा भेगाळलेला चुनखडक असून त्यात भूजल भरलेले असते. श्टाउफेनमध्ये हे खालचे भूजल दाबाखाली होते. पाणी जाऊ न देणाऱ्या वरच्या थरांनी ते झाकून ठेवलेले होते, आणि वाट मिळाली तर ते आपोआप वर चढणार होते.

सात विहिरींनी ती वाट दिली. त्या गिप्सकॉयपरमधून आरपार जाऊन खालच्या पाणीदार थरांत शिरल्या. नळी आणि खडक यांच्यामधली कडेची पोकळी ग्राउटने पूर्ण बंद झाली असती, तर कदाचित काहीच घडले नसते. ती पूर्ण बंद झालेली नव्हती. दाबाखालील पाणी त्या अरुंद फटींतून वर चढले आणि कोट्यवधी वर्षे कोरड्या राहिलेल्या अनहायड्राइटपर्यंत पोहोचले.

जमीन का फुगली

अनहायड्राइट पाणी शोषून पुन्हा जिप्सम बनते, तेव्हा त्याचे आकारमान सुमारे ६१ टक्क्यांनी वाढते. हा आकडा दोन्ही खनिजांच्या घनतांवरून कोणीही पडताळून पाहू शकतो. अनहायड्राइटची घनता २.९६ आणि जिप्समची २.३२ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर आहे, तर १०० ग्रॅम अनहायड्राइट सुमारे २६.५ ग्रॅम पाणी घेते. जागा नसेल तर हे फुगणे थांबत नाही, दाबात रूपांतरित होते. प्रयोगशाळेत हा दाब अनेक मेगापास्कलपर्यंत गेलेला आढळतो. ६० मीटर जाडीच्या खडकाचे वजन मात्र तळाशी सुमारे १.४ मेगापास्कल आणि १०० मीटरचे सुमारे २.३ मेगापास्कलच दाब देते. म्हणजे फुगणारा थर आपल्यावरचे सगळे ओझे, त्यावरील गावासह, उचलू शकतो.

बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याच्या भूशास्त्र विभागाने शोधविहिरी घेऊन हे पडताळले आणि २०१० व २०१२ मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध केले. खोदाईतून मिळालेले नमुने, अचूक समतलमापन आणि रडार उपग्रहांच्या प्रतिमा यांची सांगड घालून फुगणारा भाग सुमारे ६० ते १०० मीटर खोलीच्या दरम्यान असल्याचे निश्चित करण्यात आले. उचल सगळीकडे सारखी नव्हती. विहिरींजवळ ती सर्वाधिक होती आणि कडेला कमी होत जात होती. घरे फोडली ती याच असमानतेने. संपूर्ण गाव एकसारखे वर उचलले गेले असते, तर भिंतींना ते कळलेही नसते.

येथे एक साधा हिशेब करून पाहिल्याशिवाय राहवत नाही. फुगणारा पट्टा ४० मीटर जाडीचा आहे आणि उचल ६० सेंटीमीटर झाली, म्हणजे पट्ट्याची जाडी सरासरी दीड टक्क्यानेच वाढली. सगळी वाढ वरच्या दिशेने झाली असे मानल्यास, तेवढ्या उचलीसाठी सुमारे एक मीटर जाडीचे शुद्ध अनहायड्राइट बदलले की पुरते. त्यासाठी चौरस मीटरमागे सुमारे ७८० लिटर पाणी लागते आणि ते काही वर्षांत मिळून लागते. म्हणजे येथे मोठ्या पुराची गरज नव्हती, वर्षानुवर्षे चालू राहणारी बारीक गळती पुरेशी होती. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. बदलण्याजोगे अनहायड्राइट अजून बरेच शिल्लक असणार, त्यामुळे ही रासायनिक क्रिया आपोआप संपेल याची वाट पाहणे हा पर्याय गावापुढे नव्हता.

म्हणून दोन उपाय हाती घेण्यात आले. विहिरींमध्ये नव्याने सिमेंट दाबून त्या शक्य तितक्या बंद करण्यात आल्या, आणि २००९ च्या उत्तरार्धापासून खोल विहिरीतून भूजल सतत उपसून त्याची पातळी फुगणाऱ्या थराच्या खाली नेण्याचा प्रयत्न सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत दरमहा सेंटीमीटरचा वेग काही मिलीमीटरांवर आला. पूर्वीच्या स्थितीत मात्र काहीच परत गेले नाही. जिप्सम झालेला खडक पुन्हा आकसत नाही. घरमालकांनी आपल्या भेगाळलेल्या घरांवर लावलेले ‘श्टाउफेन तुटता कामा नये’ असे फलक त्या काळातील छायाचित्रांत दिसतात, आणि हे छायाचित्र पाहिल्यावर वाहकतेचे तक्ते पूर्वीच्या निश्चिंतपणे वाचता येत नाहीत.

नकाशाने काय सांगितले असते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाहकतेच्या तक्त्यात अनहायड्राइटसाठी दिला जाणारा सर्वसाधारण आकडा ४.१ आहे. तो ग्रॅनाइटपेक्षा जास्त आहे आणि ओल्या चिकणमातीच्या दुपटीहून अधिक आहे. केवळ उष्णतेचा विचार करून बनवलेल्या प्रादेशिक नकाशात अनहायड्राइट असलेला चौकोन सरासरीहून उजळ रंगात दिसेल. त्याखालचा पाणीदार चुनखडक तर आणखी चांगला, कारण वाहते पाणी उष्णता आणून देते. त्या नकाशावर विश्वास ठेवणारा माणूस नेमका तिथेच आणि तितकाच खोल जाईल, जिथे जायला नको होते. चूक आकड्यात नाही, ४.१ हा आकडा बरोबरच आहे. चूक अशी की हा आकडा ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर विचारायचा असतो.

पहिला प्रश्न असा हवा की या ठिकाणी किती खोलीपर्यंत भोक पाडणे सुरक्षित आहे, आणि त्याचे उत्तर मीटरमध्ये मिळाले पाहिजे. त्या उत्तरासाठी लागणारी माहिती वाहकतेच्या माहितीपेक्षा वेगळी असते. सल्फेटी, म्हणजे जिप्सम वा अनहायड्राइट असलेल्या, थराचा माथा कुठे लागतो, भूजलाचे एकावर एक किती मजले आहेत आणि प्रत्येकातील दाब किती आहे, खडक विरघळून पोकळ्या झालेल्या आहेत का, पिण्याच्या पाण्याचे संरक्षित क्षेत्र आहे का, आणि जवळून प्रस्तरभंग गेला आहे का, हे कळायला हवे. यातील शेवटचा मुद्दा प्रादेशिक नकाशांना सर्वांत अवघड जातो. नकाशा बनवताना जुन्या विहिरींमधील नोंदी जोडून मधल्या जागेतील थरांचा अंदाज करतात. थर सलग असतील तर दोन किलोमीटरवरची विहीरही उपयोगी पडते. तुटलेल्या पट्ट्यात मात्र पन्नास मीटरवरची विहीरही दिशाभूल करू शकते. अशा पट्ट्यात चौकोनावर एकच आकडा लिहिण्यापेक्षा ‘येथे अंदाज भरवशाचा नाही, शोधविहिरीशिवाय पुढे जाऊ नये’ असे लिहिणे हेच प्रामाणिक मूल्यमापन आहे, आणि अहवाल मागवणाऱ्याला ते अपुरे वाटले तरी लेखकाने त्यावर ठाम राहावे.

अनहायड्राइट फुगते ही माहिती २००७ साली नवी नव्हती, हे सांगणे भाग आहे. श्टुटगार्टच्या परिसरात आणि स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरांत याच थरातून बोगदे नेणाऱ्या अभियंत्यांनी तळ वर येणे, अस्तर फुटणे, वर्षानुवर्षे दुरुस्ती करत राहणे हे सगळे अनुभवले होते. ते ज्ञान बोगद्यांच्या ग्रंथांत होते. हीट पंपांची क्षमता मोजणारे लोक मात्र उष्णता-अभियांत्रिकीच्या तक्त्यांवर काम करत होते. दोन शाखांमधली ही दरी हेच मला या प्रकरणाचे सर्वांत दुखरे कारण वाटते, कारण आवश्यक असलेली गोष्ट कोणालातरी माहीत होती.

श्टाउफेन एकटे राहिले नाही. त्याच राज्यातील ब्योब्लिंगेनमध्ये आणि सीमेपलीकडे फ्रान्समधील अल्सासच्या लॉशविलर गावातही अशाच विहिरींनंतर जमीन वर आली. लेओनबर्गमध्ये २०११ साली खोदाईनंतर घरांना तडे गेले, पण तिथली कारणमीमांसा वेगळी होती. त्या ठिकाणी भूजलाचे दोन मजले जोडले जाऊन वरचे पाणी खाली निघून गेले आणि जमीन बसली. एकच चूक, म्हणजे थरांना जोडणारी उभी वाट उघडी राहणे, एका ठिकाणी जमीन उचलते आणि दुसऱ्या ठिकाणी ती बसवते. परिणाम कोणता होईल हे दाब आणि खडक ठरवतात.

बदललेली मोजणी

यानंतर बाडेन-व्युर्टेंबर्गने खोदाईचे नियम कडक केले. जिप्सम किंवा अनहायड्राइट लागताच खोदाई थांबवण्याची अट आली, आणि २०११ मध्ये उभ्या विहिरींसाठी गुणवत्तेची राज्यव्यापी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. त्यांत ग्राउट भरण्याची आणि तपासण्याची पद्धत, देखरेख आणि विमा यांचा समावेश होता. राज्याच्या भूशास्त्र विभागाची उथळ भूऔष्णिक माहिती देणारी जी नकाशाप्रणाली आज कोणालाही पाहता येते, तिच्यात एखाद्या ठिकाणी टिचकी मारली की खोदाईच्या खोलीवरील मर्यादा, सल्फेटी खडक, दाबाखालील भूजल आणि पोकळ्या यांबाबतच्या सूचना मिळतात. उष्णता किती मिळेल याचा आकडा तिथेही आहे, पण तो या सूचनांच्या सोबत वाचावा लागतो. त्या काळी जर्मनीच्या खाणकायद्यात १०० मीटरपेक्षा खोल विहिरींसाठी वेगळी नोंद लागत असे, पण ती प्रशासकीय रेघ होती. सल्फेटी थर ४० मीटरवरही असू शकतो आणि २०० मीटरपर्यंत नसूही शकतो, म्हणून खोलीची मर्यादा जागोजागी ठरवणे हाच योग्य मार्ग आहे.

खोलीची मर्यादा घातल्यावर क्षमतेचे काय होते, हे श्टाउफेनच्या अंगणाचेच उदाहरण घेऊन पाहता येईल. समजा, तिथे ५० मीटरवर थांबणे बंधनकारक असते. मग ९८० मीटर लांबी मिळवायला सातऐवजी वीस विहिरी लागल्या असत्या. विहिरींनी एकमेकींची उष्णता ओढू नये म्हणून त्यांच्यात किमान सहा मीटर अंतर ठेवायचे म्हटले, तर चार गुणिले पाच अशा मांडणीला सुमारे १८ गुणिले २४ मीटरची मोकळी जागा हवी, आणि इतक्या जवळ वीस विहिरी असल्यावर मधल्या विहिरींना वर्षानुवर्षांत कमीच उष्णता मिळते. जुन्या गावाच्या मध्यभागी एवढी जागा नसते. अंगणात सातच विहिरी बसत असतील तर उपलब्ध लांबी ३५० मीटर होते आणि जमिनीतून मिळणारी उष्णता सुमारे साडेसतरा किलोवॉटवर येते, म्हणजे मूळ अंदाजाच्या जेमतेम एक तृतीयांश. हे उत्तर निराशाजनक असले तरी ते क्षमतेचे खरे उत्तर आहे. बाकीची उष्णता हवेवर चालणाऱ्या पंपातून किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर विहिरी घेऊन नळांद्वारे आणावी लागली असती, आणि खर्चाची तुलना त्या पर्यायांशी करायला हवी होती.

जिथे खोदाईला हरकत नाही तिथे उष्णतेचा आकडा मात्र चोख हवा, आणि त्याला तक्ते पुरत नाहीत. मोठ्या प्रकल्पासाठी एक चाचणी-विहीर घेऊन तिच्यात दोन-तीन दिवस ठरावीक शक्तीने उष्णता सोडतात आणि फिरणाऱ्या पाण्याचे तापमान कसे चढते ते नोंदवतात. तापमान वेळेच्या नैसर्गिक लॉगॅरिदमच्या प्रमाणात चढते आणि त्या रेषेच्या उतारावरून संपूर्ण विहिरीची सरासरी वाहकता निघते. १०० मीटर विहिरीत ६ किलोवॉट सोडले आणि उतार २.१७ अंश आला, तर वाहकता २.२ निघते. चाचणी उत्तम आहे, पण तिच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्या लागतात. ती सरासरी देते. कोणत्या थरातून पाणी कुठे चालले आहे, ग्राउटमध्ये पोकळी राहिली आहे का, हे त्या एका आकड्यातून समजत नाही. किंबहुना फटींतून वर चढणारे पाणी उष्णता वाहून नेते, त्यामुळे सदोष विहिरीची वाहकता चाचणीत वाढीव दिसू शकते. जास्त चांगला निकाल आला म्हणून आनंद मानण्याआधी तो अपेक्षेपेक्षा जास्त का आला, हे तपासलेच पाहिजे. त्यासाठी विहिरीत खोलीनुसार तापमान मोजणे हा सोपा आणि स्वस्त मार्ग आहे.

ग्राउटबद्दलही हेच. कडेची पोकळी काही सेंटीमीटरांचीच असते आणि नळ्या तिच्यात मध्यभागी राहतील याची खात्री नसते. दाबाखालील पाणी ओतलेले मिश्रण घट्ट होण्याआधीच धुऊन नेऊ शकते, आणि सल्फेटयुक्त पाणी साध्या सिमेंटला कालांतराने पोखरते. म्हणून मिश्रण तळापासून वर भरणे, किती भरले याची मोजणी भोकाच्या आकारमानाशी ताडून पाहणे आणि सल्फेट-रोधक सिमेंट वापरणे या गोष्टी प्रत्यक्ष जागेवर उभे राहून तपासाव्या लागतात. प्रादेशिक नकाशावर या बाबींसाठी रंग नसतो. तरीही नकाशाच्या सूचनेत ‘येथे दाबाखालील भूजल संभवते’ एवढे वाक्य असले, तर खोदणारा पाण्याचा दाब रोखणारा जड चिखल आणि जास्तीचे मिश्रण आधीच जवळ ठेवतो. नकाशाचा माझ्या मते सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

श्टाउफेनमध्ये भूजल उपसण्याचे काम सुरुवातीला तातडीचा उपाय म्हणून हाती घेतले गेले होते. जमिनीतून फुकट मिळणारी उष्णता घेण्यासाठी जिथे विहिरी घेतल्या, तिथे जमीन जागेवर ठेवण्यासाठी पुढे वर्षानुवर्षे वीज खर्च करून पंप चालवावे लागले, कारण उपसा थांबला तर पाणी पुन्हा वर चढेल आणि ६० ते १०० मीटरच्या दरम्यान त्याची वाट पाहत असलेले अनहायड्राइट अजून तसेच आहे.